दोराचा कान आणि हातातलं घड्याळ

रोपवेच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या खिडकीबाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रांगेत तिसरे होते आणि रांगेचा लोखंडी कठडा अंगठ्याने दाबून बघत होते. सकाळचे साडेआठ वाजले होते. खालच्या गावातून डोंगरावरच्या गावात जायला रस्त्याने दीड तास लागे आणि रोपवेने अकरा मिनिटं, त्यामुळे नोकरदारांची सगळी गर्दी खिडकीवर. नंबर लागला तसा तो सव्वीस वर्षांचा माणूस खाली वाकून म्हणाला, "दोर शेवटचा कधी तपासला?"

खिडकीबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या आणि जिभेला धार होती. "तुम्ही ज्या सायकलवर आलात तिचे ब्रेक कधी तपासलेत?"

"आज सकाळी. पावणेसातला."

मागची रांग हसली. ते हसले नाहीत. खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढून त्यांनी जाळीखालून सरकवला. नेमणुकीचं पत्र होतं. दोर तपासनीस, आजपासून.

"अहो, मग तुम्हाला फुकट आहे. तिकीट कशाला काढताय?"

"अजून हजर झालेलो नाही. आणि हा कागद खरा आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

खिडकीबाईंनी तिकीट फाडलं. देण्याआधी मात्र स्वतःच्याच पुस्तकातलं ते तिकीट त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं, आणि मग स्वतःवरच चिडल्या.

महिन्याभरात स्टेशनवर त्या माणसाला नाव पडलं ते कायमचं: खात्रीसाहेब. कुणी काहीही सांगो, त्यांचा प्रश्न ठरलेला, "खात्री काय?" ग्रीसचा डबा आला, खात्री काय? वरच्या स्टेशनवरून फोन आला की वारा पडलाय, खात्री काय? दीड वर्षाने त्यांनी खिडकीबाईंना लग्नाचं विचारलं, तेव्हा आधी तीन दिवस एकाच वेळेला तीन वेगवेगळ्या मित्रांना खिडकीवर पाठवून "पुढची ट्रॉली कधी?" हे विचारायला लावलं होतं. तिघांना एकच उत्तर मिळालं म्हणून चौथ्या दिवशी स्वतः आले. हे खिडकीबाईंना लग्नानंतर कळलं. "आणि मी एकाला दोन मिनिटं कमीजास्त सांगितली असती तर?" त्यांनी विचारलं. "तर मित्र पुन्हा पाठवले असते," ते म्हणाले. यात प्रेम किती आणि तपासणी किती, ते खिडकीबाईंना सांगता आलं नसतं. पण माणूस परत आला असता एवढं त्यांना पुरलं.

संसारही तसाच झाला. गॅसची कळ झोपण्यापूर्वी दोनदा. औषधाच्या पाकिटावरची तारीख चष्मा लावून आणि चष्मा काढून. लेकीचा शाळेत पहिला नंबर आला त्या दिवशी ते वर्गशिक्षिकेला भेटून आले, पेपर पुन्हा तपासून घेता येतील का विचारायला. लेक आठवडाभर बोलली नाही. खिडकीबाई मात्र त्यांना हसत असल्या तरी पूर्ण हसू शकत नव्हत्या, कारण त्यांना एक गोष्ट माहीत होती. रोपवेवर येण्याआधी खात्रीसाहेब एका खाणीत होते. तिथे माणसांना खाली सोडायच्या पाळण्याच्या दोरातून एक तार बाहेर आलेली त्यांनी पाहिली होती आणि मुकादमाला दाखवली होती. मुकादम म्हणाला, "काही होत नाही." खात्रीसाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे, नोकरीत नवे. ते गप्प बसले. त्या दुपारी दोर तुटला, दोन माणसं गेली. लग्नानंतर एकदाच त्यांनी हे सांगितलं, भिंतीकडे बघत. त्यानंतर त्यांच्यासमोर "काही होत नाही" असं म्हणायची त्या घरात सोय राहिली नाही.

त्यांचं काम बाहेरून पाहणाऱ्याला अगदीच किरकोळ वाटे. रोज सकाळी पहिली ट्रॉली सुटायच्या आधी ते दोरावर सुती चिंधी गुंडाळून धरत आणि दोर हळूहळू पुढे सोडायला सांगत. तार तुटून कुसळासारखी वर आली असेल तर चिंधीचा धागा अडकतो. मग ते माप घेत, दोर कुठे झिजून बारीक झालाय का ते पाहायला. आणि महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी ते दोराला कान लावत.

हा कान म्हणजे एक यंत्र होतं. नारिंगी रंगाचं, मगरीच्या जबड्यासारखं उघडणारं, उचलायला दोन माणसं लागणारं. जबडा दोराभोवती मिटवायचा आणि दोर त्यातून जाऊ द्यायचा. आत खोलवर, डोळ्याला न दिसणारी तार तुटली असेल तर यंत्राच्या कागदावरची रेघ उडी मारते. त्याचं खरं नाव चार शब्दांचं आणि उच्चारायला कठीण होतं, म्हणून स्टेशनवर सगळे कानच म्हणत. कानाच्या मंगळवारी पहिली ट्रॉली तासभर उशिरा सुटे आणि त्या तासाच्या शिव्या खिडकीबाई खात. लेकीने यंत्र कधी पाहिलं नव्हतं; तिकडे बाहेरच्या माणसाला मज्जाव होता. लहानपणी तिने बाबांचं चित्र काढलं होतं: डोंगर, दोर, आणि दोराला कान टेकवून उभा असलेला एक माणूस. खात्रीसाहेबांना चित्र इतकं आवडलं की चूक दुरुस्त करायचं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या आयुष्यात न तपासता सोडलेली तेवढीच एक गोष्ट असावी.

लेक मोठी झाली, वरच्या गावातल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत लागली, आणि एका गुरुवारी संध्याकाळी एका तरुणाला घरी घेऊन आली. वरच्या गावात भारी घड्याळांचं एक दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत तो दुरुस्तीला बसायचा. हात धुतलेले, नखं कापलेली, डाव्या डोळ्याभोवती भिंग लावून लावून एक गोल वळ पडलेला. खात्रीसाहेबांनी तो वळ पाहिला आणि त्यांना पहिला संशय तिथेच आला.

"हे काय लागलं?"

"भिंगाचं आहे, काका. दिवसभर असतं डोळ्याला."

"म्हणजे तुम्हाला लांबचं कमी दिसत असेल."

"बाबा!" लेक म्हणाली.

चहा झाला. तरुणाने खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पोलादी, जाड काचेचं, आतला सेकंदकाटा टकटक न करता सरकत जाणारा. अशी घड्याळं त्या दुकानाच्या काचेत ज्या खणात असत, तिथे खिडकीबाई किमतीची चिठ्ठी वाचायला थांबतही नसत. "काका, हे तुमच्यासाठी. मी स्वतः उभं केलंय."

खात्रीसाहेबांनी हात लावला नाही. "कुणाचं आहे?"

"एका गिऱ्हाइकाचं होतं. गाडीच्या दारात चेंगरलं. त्यांनी नवं घेतलं आणि हे भंगारात टाका म्हणाले. मालकांनी मला दिलं. दोन वर्षं रविवारी बसून एकेक भाग जमवला."

"कागद?"

तरुणाला प्रश्न अपेक्षित असावा. त्याने दुकानाच्या शिक्क्याचं पत्र काढून दिलं. लेकीने आधीच बजावून ठेवलं असणार. खात्रीसाहेबांनी शिक्क्यावर बोट घासून पाहिलं. शाई पुसली गेली नाही, याचंही त्यांना बरं वाटलं नाही.

"यात सेल नाही," तरुण सांगू लागला, "हात हलला की आपोआप चावी भरते. तुम्ही कामावर घाला. रोज घाला. अशी घड्याळं लोक पेटीत ठेवतात आणि लग्नाकार्यात काढतात, ते मला पटत नाही."

"घाला हो बाबा, याला काही होत नाही," लेक उत्साहात बोलून गेली आणि बोलल्याबरोबर तिने जीभ चावली.

खात्रीसाहेबांनी कप बशीत ठेवला. तरुणाला काय झालं ते कळलं नाही, पण तो आपल्या परीने म्हणाला, "होतं ना. सगळ्याला होतं. पण सहजासहजी होत नाही, एवढंच मी म्हणेन. पाण्यात जाण्याआधी चावी आत दाबून फिरवून घट्ट करायची. हातोडा चालवताना काढलंत तर बरं, राहिलं तर सहन करेल. वर्षातून एकदा माझ्याकडे. आणि दिवसाला चार-पाच सेकंद इकडे-तिकडे होणार, ते धरून चालायचं."

खिडकीबाईंना हे उत्तर आवडलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, माल विकायला आलेला माणूस जरा जास्तच खरं बोलतोय, असा नवा संशय होता.

"काका, तुमच्या कामाचं स्वरूप काय? म्हणजे मला अंदाज येईल."

"चिंधी फिरवतो. माप घेतो. महिन्यातून दोनदा दोराला कान लावतो. बस."

उलटतपासणीला उत्तर मोजकं द्यावं, हा त्यांचा नियम. तरुणाने मात्र मान आदराने हलवली. पोलादी दोराला कान टेकवून आतलं ऐकणारा माणूस त्याला आपल्याच बिरादरीतला वाटला. तोही घड्याळं कानाशी धरून ऐके. त्याने पुढे काही विचारलं नाही.

तो गेल्यावर खात्रीसाहेबांनी निकाल सांगितला. "तीन महिने वापरून बघतो."

"घड्याळ?" लेकीने विचारलं.

"घड्याळ."

"आणि नाही टिकलं तर?"

"जो माणूस आपल्या वस्तूबद्दल चुकीचं सांगतो, तो बाकीच्या बाबतीत काय सांगेल?"

लेक उभी राहिली. "बाबा, मी तीस वर्षांची आहे. तुम्ही हो म्हणालात तर तुमच्यासमोर लग्न करीन, नाही म्हणालात तर तुमच्याशिवाय. घड्याळाला काय व्हायचं ते होवो." आणि ती आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. दार आपटणारी लेक परत बाहेर येते, हळू लावणारी येईलच असं नाही, हे खिडकीबाईंना स्वतःच्या माहेरावरून ठाऊक होतं. त्यांची धाकटी बहीण असंच दार लावून गेली ती चौदा वर्षं त्या घरी आली नव्हती.

खात्रीसाहेबांनी एक नवी वही सुरू केली. रोज सकाळी सातच्या रेडिओच्या ठोक्याशी घड्याळ ताडून पाहायचं, फरक लिहायचा आणि काटे पुन्हा जुळवायचे. पुढच्या रकान्यात त्या दिवशी घड्याळाने काय सोसलं ते, आणि शेवटचा रकाना "कारण". पहिल्या दिवशी चार सेकंद पुढे. खांबाच्या पायाशी दगडाचा चुरा उडत होता त्यात घातलं, चार. खांबाच्या शिडीवर चढताना गजावर दाणकन आपटलं, तीन. ट्रॉल्या धुवायच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली हात धरला, चार. शुक्रवारी रात्री ते जेवणाच्या टेबलावरून "चुकून" खाली पडलं. खिडकीबाईंनी पाहिलं की पडण्याआधी त्यांनी खाली फरशी मोकळी आहे ना ते बघितलं होतं.

"अहो, चूक करताना कुणी एवढं वाकून बघतं का?"

"निसटलं."

दोन दिवसांनी न्हाणीघरात बादलीच्या तळाशी घड्याळ दिसलं. "हे काय, मासा पाळलाय?" खिडकीबाईंनी विचारलं. "सहा तास झाले," आतून उत्तर आलं, "अजून दोन." अकराव्या दिवशी गंजलेल्या बोल्टांवर दिवसभर हातोडा चालला आणि घड्याळ डाव्या मनगटावर तसंच होतं. दुसऱ्या सकाळी पाच सेकंद. वहीत हा पाचाचा आकडा त्यांनी जरा समाधानाने, मोठा काढला.

लेकीचा राग त्या दिवसांत थोडा निवळला होता. ती येता-जाता वहीत डोकवायची. "आई, बघ, बाबांनी त्याला बुडवलं, बडवलं, तरी बिचारं चाललंय." घड्याळाविषयी बोलतेय की तरुणाविषयी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आणि तेराव्या दिवशी, बुधवारी, घड्याळ सात मिनिटं पुढे निघालं.

खात्रीसाहेबांनी रेडिओ बंद करून पुन्हा लावला. शेजाऱ्यांच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. संध्याकाळपर्यंत आणखी साडेतीन मिनिटं वाढली होती. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. आवाजात विजय नव्हता, दुःखच होतं, आणि तेच खिडकीबाईंना जास्त लागलं. "वरून चकचकीत. आतून केव्हाच गेलेलं. दोरही असेच जातात."

शनिवारी ते बायकोला घेऊन वरच्या गावात दुकानात गेले. लेकही दवाखान्यातून आली होती. तरुणाने घड्याळ हातात घेतलं, काटे पाहिले, "सात मिनिटं?" एवढंच म्हणाला, आणि उघडायच्या ऐवजी खणातून एक बोटाएवढं होकायंत्र काढून घड्याळाजवळ धरलं. होकायंत्राची सुई गर्रकन वळली. मग त्याने घड्याळ एका छोट्या पेटीवर ठेवलं, बटण दाबलं, घड्याळ हळूहळू उचलून लांब नेलं, आणि परत सुईजवळ धरलं. सुई ढिम्म हलली नाही.

"झालं, काका."

"काय झालं?"

"चुंबक लागलं होतं. आत केसाएवढी बारीक कमान असते, तिचे वेढे एकमेकांना चिकटायला लागतात. मग ती आखडून चालते, म्हणून घड्याळ पळतं. आता ठीक आहे."

"उघडलं नाही, एक स्क्रू फिरवला नाही, आणि ठीक?" खात्रीसाहेबांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. "जादूचे प्रयोगही करता वाटतं दुकानात?"

"काका, ही जुनी घडण आहे. पाणी, धूळ, धक्का सगळं सोसेल, पण चुंबक नाही. तुम्ही कुठे चुंबकाजवळ ठेवलं होतं का? स्पीकर, फोनचं पाकीट..."

"माझ्या घरात चुंबक नाही."

"घरात नसेल. कामावर?"

"कामावर काय करतो ते मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. तुम्हीच मान हलवलीत." ते सरळ झाले. "दोर कंपन्यांची माणसं वर्षानुवर्षं हेच सांगत आलीत मला. माल चांगला, वापरणारा वाईट."

तरुणाचे कान लाल झाले. त्याने घड्याळ पुसून पुढे ठेवलं आणि म्हणाला, "मला माहीत आहे तेच मी सांगितलं." लेक बापाकडे पाहत होती. खिडकीबाईही पाहत होत्या, पण त्यांना दुसरंच काही दिसलं होतं. "चुंबक" हा शब्द ऐकताच नवऱ्याच्या पापण्या क्षणभर थांबल्या होत्या.

परतीच्या ट्रॉलीत दोघं समोरासमोर बसले. खाली झाडं सरकत होती. खिडकीबाईंना फार वर्षांपूर्वीचा एक मंगळवार आठवत होता. कान नवा आला होता. दोघा माणसांनी तो आणून खिडकीशेजारी टेकवला आणि त्यांच्या टेबलावरच्या वाटीतल्या सगळ्या टाचण्या उडी मारून त्याला जाऊन चिकटल्या होत्या. खात्रीसाहेबांनीच त्या एकेक करून ओढून काढून दिल्या होत्या. कान लावायचा मंगळवार, आणि घड्याळ पळालं तो बुधवार. हिशेब सरळ होता. वीस वर्षं त्या यंत्राचा जबडा हाताने उघडणाऱ्या माणसाला तो कळला नसेल, हे शक्य नव्हतं. इतकी वर्षं त्यांचं मनगटावरचं घड्याळ प्लास्टिकचं, आकड्यांचं होतं, त्याला चुंबकाची पर्वा नव्हती. म्हणून आधी सुचलं नसेल, हे ठीक. पण आता?

त्या संध्याकाळी लेकीने फोनवर आईला सांगितलं की पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला ते दोघं नोंदणी कार्यालयात जाणार आहेत. "बाबांनी त्याला दुकानात सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलं. तू ये. त्यांना विचारणार नाही मी." ती तेव्हापासून वरच्या गावात मैत्रिणीकडेच राहिली.

खिडकीबाईंनी वही उघडून पाहिली. घड्याळ पुन्हा चार सेकंदांवर आलं होतं, रोज चार. पण त्या बुधवारच्या ओळीपुढे, "कारण" या रकान्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, कोरं. तिसऱ्या दिवशीही कोरं. लग्नाला एकतीस वर्षं होत आली होती. दुनियेवर संशय घेणाऱ्या माणसाच्या घरात त्यांनी निर्धास्त झोप काढली होती, कारण हा माणूस स्वतः कधी काही लपवत नाही एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं. आता खिडकीबाई नवऱ्याचा डबा भरताना, शर्टाच्या घड्या घालताना त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघू लागल्या. हा लेकीला गमावील, पण चूक लिहिणार नाही? मग गेल्या वीस वर्षांत आणखी काय काय लिहिलं नसेल? असल्या प्रश्नांची एक खोड असते; एकाला आत घेतलं की दहा उंबऱ्यावर येऊन बसतात.

चौथ्या दिवशी दुपारी खात्रीसाहेब दाराच्या बिजागरीला तेल देत होते. खिडकीबाईंनी मागून विचारलं, "अहो, टाचण्या आठवतात?"

तेलाचं थेंब थेंब पडणं थांबलं.

"आठवतात."

"मग?"

"एका नोंदीवरून कारण लिहीत नसतात. मंगळवारी पुन्हा कान आहे. पुन्हा झालं की लिहायचं, असं ठरवलंय."

"हा नियम आहे की पळवाट?"

त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "पहिल्या दिवशी पळवाट होती," ते म्हणाले. "त्याच्यासमोर, तिच्यासमोर, तोंड उघडेना. दुसऱ्या दिवसापासून नियम आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर मंगळवारी बघ."

"मी कशाला, त्याला बोलवा की."

"मी बोलावलं तर येईल?"

"खात्री नाही," खिडकीबाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत दोघं पहिल्यांदा हसले, पण थोडंच.

फोन खिडकीबाईंनी केला. मंगळवारी सकाळी सहाला तरुण पहिल्या बसने खालच्या स्टेशनवर आला. सोबत लेकही, हाताची घडी घालून. खात्रीसाहेबांनी व्यवस्थापकांकडून दोघांसाठी लेखी परवानगी घेऊन ठेवली होती. ते त्यांना मागच्या फलाटावर घेऊन गेले. दोघा माणसांनी नारिंगी जबडा उचलून आणला आणि तरुणाचं तोंड उघडंच राहिलं.

"हा... कान?"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

त्याने संकोचत मान तिरकी केली आणि तळहात कानामागे धरला. लेक त्याच्याकडे बघतच राहिली. "बाबा, मलाही तसंच वाटायचं! मी चित्र काढलं होतं!"

यंत्र उचलून आणणाऱ्या माणसांना हसू आवरेना. खात्रीसाहेब हसले नाहीत, पण त्यांची मान खाली गेली. तरुणाने होकायंत्र काढून चार हात लांबूनच यंत्राकडे धरलं. सुई वळली आणि तिकडेच ताठ उभी राहिली.

"झालं की काका, कळलं. आता घड्याळ काढून ठेवा."

"सुई तुमची, वही माझी." त्यांनी बाही वर सरकवली. घड्याळ मनगटावर होतं. दोन्ही हातांनी त्यांनी नेहमीसारखा जबडा उघडला, दोराभोवती मिटवला, खटका लावला. दोर सरकू लागला. सातच्या ठोक्याला त्यांनी घड्याळ लावलं आणि आठच्या ठोक्याला पाहिलं. एका तासात अठरा सेकंद पुढे. तिकडे खिडकीवर उशीर झाल्याबद्दल लोक बोंब मारत होते आणि खिडकीबाई एका हाताने तिकिटं फाडत, मागच्या उघड्या दारातून मान वळवून फलाटाकडे बघत होत्या.

खात्रीसाहेबांनी वही मांडीवर घेतली. कोऱ्या रकान्यात लिहिलं आणि मग, शाळेतला मुलगा धडा वाचतो तसं, मोठ्याने वाचून दाखवलं. "कारण: तपासनीसाची चूक. कामाचं स्वरूप विचारलं असता अर्धवट सांगितलं. नंतर लक्षात आल्यावर बायकोने विचारेपर्यंत चार दिवस बोलला नाही."

"काका, माझीही चूक आहे," तरुण घाईने म्हणाला. "मी नीट विचारलं नाही."

"ते तू तुझ्या वहीत लिही," खात्रीसाहेब म्हणाले.

लेकीने चमकून पाहिलं. "तू" हा शब्द बाबांनी आजवर घरातल्या माणसांखेरीज कुणाला वापरलेला तिला आठवत नव्हता. तिने हाताची घडी सोडली. खिडकीबाईंनी तिकडून पाहिलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला चुकून दोन तिकिटं फाडून दिली.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर खात्रीसाहेबांनी निष्कर्ष लिहिला. तो असा: धूळ, पाणी, धक्का, उंचीवरून पडणे, हातोडा, या सर्वांस घड्याळ टिकले. चुंबकास टिकत नाही. रोजच्या कामास योग्य, कानाच्या मंगळवारी घालू नये. वापरणाऱ्याने आपले काम आधी पूर्ण सांगावे. खाली सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून तरुणाची सही. तरुणाने सही केली, पण आधी पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. खात्रीसाहेबांनी बायकोकडे पाहून हळूच मान डोलावली.

दहा तारखेला नोंदणी कार्यालयात चौघंही होते. कारकुनाने पुढे केलेला अर्ज खात्रीसाहेबांनी दोनदा वाचला आणि नवऱ्या मुलाच्या जन्मतारखेतली एक चूक काढली. ती खरोखरच चूक होती. कारकून म्हणाला, "काही होत नाही, नंतर दुरुस्त करू." या वेळी खात्रीसाहेबांआधी तरुणच म्हणाला, "नाही, आत्ताच करा." नवा अर्ज लिहून होईपर्यंत सगळे पाऊण तास बाकावर बसून राहिले.

खिडकीबाईंच्या मनातलं ते तिरकं बघणं मात्र लगेच गेलं नाही. पुढची काही वर्षं त्या अधूनमधून खात्रीसाहेबांच्या कामाच्या वह्या उघडून रकाने कोरे नाहीत ना ते पाहत. खात्रीसाहेबांना ते माहीत होतं. ते वह्या मुद्दाम टेबलावरच ठेवू लागले.

निवृत्त होऊन आता त्यांना तीन वर्षं झाली. खालच्या गावातलं घर सोडून ते दोघं वरच्या गावात राहायला आले आहेत, लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडे. रविवारचं दुपारचं जेवण तिच्याकडे असतं.